औषध दुकानात बीपी तपासणीची सेवा: आधी काय, मग काय

बहुतेक औषध दुकानांत ही सेवा उलट्या क्रमाने सुरू होते. आधी मशीन येतं, मग दारावर फलक लागतो, आणि मग काउंटरपलीकडून ‘हात पुढे करा’ असं सांगून उभ्या माणसाचं बीपी मोजलं जातं. शिकायचं राहूनच जातं. असा चुकीचा आकडा न मोजण्यापेक्षा वाईट. तो पाहून एक जण विनाकारण घाबरतो, दुसरा निर्धास्त होऊन डॉक्टरांकडे जायचं टाळतो, आणि दोघांनाही तो आकडा फार्मासिस्टने दिलेला असतो.

या लेखात सेवेचे टप्पे ज्या क्रमाने घ्यायला हवेत त्याच क्रमाने दिले आहेत. उदाहरण बीपीचं आहे. दम्याचा पंप वापरायला शिकवणं किंवा साखर तपासणं सुरू करायचं असेल तरी तपशील बदलतील, क्रम हाच राहील.

टप्पा १: काय शिकायचं ते काउंटरवरून ठरवा

निरंतर शिक्षण म्हणजे हजेरी लावून प्रमाणपत्र आणणं, अशी समजूत खोल रुजली आहे. फायलीत प्रमाणपत्रं असतात, काउंटरवर मात्र काहीच बदललेलं नसतं. कारण कार्यक्रमाचा विषय आयोजकाने निवडलेला असतो, तुमच्या ग्राहकाने नाही.

म्हणून दोन आठवडे काउंटरजवळ एक वही ठेवा. ज्या प्रश्नाचं उत्तर देताना अडखळलात, अंदाजाने बोललात किंवा ‘डॉक्टरांना विचारा’ म्हणून विषय संपवलात, तो प्रश्न ग्राहकाच्याच शब्दांत एका ओळीत लिहा. ‘पाय सुजलेत, बीपीच्या गोळीने असेल का?’ ‘बीपी नॉर्मल आलं, आता गोळी बंद करू?’ ‘सर्दीची गोळी बीपी असताना चालते का?’ दोन आठवड्यांनी ओळी विषयवार लावा. सर्वांत जास्त ओळी जिथे पडतील तो तुमचा पहिला अभ्यासविषय, आणि बहुधा तीच तुमची पहिली सेवा.

मग प्रत्येक विषयासाठी अर्ध्या पानाचा आराखडा करा: नेमकं काय येत नाही, ते कुठून शिकणार, कधीपर्यंत, आणि आलं की नाही हे कसं तपासणार. शेवटचा रकाना कोरा राहिला तर ते वाचन होतं, शिक्षण नाही. ‘उच्च रक्तदाबाचा अभ्यास करणे’ हे उद्दिष्ट कामाचं नाही. ‘महिनाअखेरीस बीपी वाढवणाऱ्या, विनाचिठ्ठी विकल्या जाणाऱ्या औषधांचे गट न बघता सांगता येणे’ हे उद्दिष्ट तपासता येतं.

> सावधान: औषध कंपनीने घेतलेलं प्रशिक्षण त्या उत्पादनापुरतं उपयोगी असतं. उपचाराची दिशा त्यावरून ठरवू नका. तिथे ऐकलेलं विधान स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वांत पडताळल्याशिवाय काउंटरवर वापरू नका.

टप्पा २: परवानगी, जागा, साहित्य

फार्मासिस्टला दुकानात कोणती तपासणी करता येते याचे नियम ठिकाणागणिक वेगळे आहेत. फलक रंगवायला देण्याआधी आपल्या नोंदणी परिषदेकडून ते लेखी समजून घ्या. सुई टोचून करायच्या तपासण्यांना बहुधा जास्त अटी असतात, हे पुढच्या सेवांचा विचार करताना लक्षात ठेवा.

जागेसाठी वेगळी खोली हवीच असं नाही. रांगेतल्या माणसाला बोलणं ऐकू येणार नाही असा कोपरा, पाठ टेकता येईल अशी खुर्ची आणि कोपर टेकवल्यावर दंड हृदयाच्या उंचीवर येईल असं टेबल, एवढं पुरतं. स्टूल चालत नाही, कारण पाठीला आधार नसला तर आकडा वाढतो. फिरती खुर्ची नको. पाय जमिनीला न टेकणाऱ्या बुटक्या व्यक्तीसाठी एक पाट ठेवा.

मशीन दंडावर बांधायचंच घ्या. मनगटाचं मशीन हाताच्या स्थितीनुसार फार बदलतं. घेताना त्या मॉडेलची अचूकता स्वतंत्रपणे तपासलेली आहे का ते पाहा. अशा मॉडेलांच्या याद्या ‘स्ट्राइड बीपी’सारख्या संस्था प्रसिद्ध करतात. ब्रँड ओळखीचा आहे म्हणून त्याचं प्रत्येक मॉडेल तपासलेलं असतं असं नाही.

कफवर, म्हणजे दंडाला गुंडाळायच्या हवा भरणाऱ्या पट्टीवर, मात्र खर्च वाचवू नका. एका कफवर सेवा चालत नाही. दंडाचा घेर मोजायची टेप कोपऱ्यात कायम टांगलेली असू द्या. घेराचा साधारण हिशेब असा:

- २२ ते २६ सेंमी: लहान
- २७ ते ३४ सेंमी: नेहमीचा
- ३५ ते ४४ सेंमी: मोठा
- ४५ सेंमीच्या पुढे: सर्वांत मोठा

कंपनीनुसार हे पट्टे थोडे सरकतात, तेव्हा कफवर छापलेला पट्टा अंतिम माना. हा तपशील किती महत्त्वाचा आहे ते २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. मोठा कफ लागणाऱ्यांना नेहमीचा कफ बांधल्यावर वरचं बीपी सरासरी सुमारे ५ ने जास्त आलं, आणि सर्वांत मोठा कफ लागणाऱ्यांमध्ये जवळपास २० ने. म्हणजे १२८ असलेल्या माणसाला तुम्ही १४८ सांगून डॉक्टरांकडे धाडाल.

> तपासा: मशीन उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, किमान वर्षातून एकदा, अचूकतेसाठी तपासून घ्यायचं आहे. पुढची तारीख मशीनवरच चिकटवा. दर आठवड्याला नळीला चीर, कफची झिजलेली चिकटपट्टी आणि बॅटरी पाहा.

टप्पा ३: फलकाआधी हात तयार करा

हाच टप्पा सर्वाधिक वगळला जातो. पद्धत वाचून कळते, पण गर्दीच्या वेळी हात जुन्या सवयीनेच चालतात.

पुढच्या टप्प्यातली मोजणी एका पानावर दहा-बारा ओळींत लिहा आणि तीच तपासयादी करा. दुकानातल्या प्रत्येकाने सहकाऱ्याचं बीपी मोजायचं आणि तिसऱ्याने यादीवर खुणा करायच्या. पहिल्या फेरीत काही समजावू नका, नुसतं पाहा. कोण पाच मिनिटं थांबत नाही, कोण मशीन चालू असताना बोलतं, कोण बाहीवरून कफ बांधतं, ते लगेच दिसतं. मग चुकलेल्या ओळींवर काम करा. सलग पाच मोजण्या एकही ओळ न चुकवता झाल्या की त्या व्यक्तीला ग्राहकाचं बीपी मोजू द्या. तीन महिन्यांनी हीच परीक्षा पुन्हा घ्या, कारण सुटणारी पहिली गोष्ट ठरलेली असते: पाच मिनिटांची विश्रांती.

कामाची वाटणीही आताच करा. मोजणी प्रशिक्षित सहायक करू शकतो, पण औषधांची चौकशी आणि सल्ला फार्मासिस्टचाच. सहायकाला एक वाक्य पाठ करून घ्यायला लावा: ‘आकड्याबद्दल आमचे फार्मासिस्ट आत्ता बोलतील.’ ‘थोडं जास्त आहे, पण काळजी नको’ हे त्याने कधीही म्हणायचं नाही.

टप्पा ४: मोजणी

१. आधी विचारा: अर्ध्या तासात चहा-कॉफी, सिगारेट, तंबाखू, व्यायाम किंवा जिन्यांची चढउतार झाली का? झाली असेल तर वेळ देऊन परत बोलवा. लघवी लागली असेल तर आधी जाऊन यायला सांगा. भरलेल्या मूत्राशयानेही आकडा वाढतो.

२. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर, पायावर पाय न टाकता बसवा. पाच मिनिटं घड्याळ लावून. या वेळात गप्पा नाहीत, फोन नाही, फॉर्म भरून घेणंही नाही.

३. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढलेल्या असतील किंवा डायलिसिससाठी हातातल्या रक्तवाहिन्या जोडून फिस्टुला केलेला असेल तर तो हात वापरायचा नाही. लोक हे स्वतःहून सांगत नाहीत, विचारावं लागतं.

४. दंड उघडा करा. घट्ट बाही वर गुंडाळली तर तीच दंडाला आवळते. बाही सैल नसेल तर हात बाहेर काढायला सांगा, म्हणूनच आडोसा लागतो.

५. घेर मोजा, कफ निवडा. कफची खालची कड कोपराच्या घडीच्या दोन-तीन सेंमी वर यावी आणि त्यावरची खूण दंडाच्या आतल्या बाजूच्या धमनीवर. कफखाली एक-दोन बोटं जेमतेम शिरतील इतपत घट्ट बांधा.

६. हात टेबलावर सैल टेकवा, तळवा वर. हात मांडीवर ठेवला तर वरचा आकडा सुमारे ४ ने आणि शेजारी लोंबता सोडला तर ६-७ ने वाढतो, असं २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आढळलं.

७. मशीन सुरू करण्याआधी मनगटाची नाडी ३० सेकंद बोटांनी पाहा. ठोके अनियमित लागले तर या मशीनचा आकडा भरवशाचा राहत नाही. तसं नोंदवा आणि आकडा काहीही येवो, डॉक्टरांकडे पाठवा. ही एक कृती अनेकदा बीपीपेक्षा मोठी गोष्ट उघडकीला आणते.

८. पहिल्या भेटीत दोन्ही हात मोजा. ज्या हाताचा आकडा जास्त येईल तोच हात पुढे कायम वापरा आणि कार्डावर लिहून ठेवा. दोन हातांतला फरक १० पेक्षा जास्त वाटला तर पुन्हा मोजून खात्री करा. तो टिकून राहिला तर डॉक्टरांना कळवा.

९. त्या हातावर एक-एक मिनिटाच्या अंतराने तीन वेळा मोजा, पहिला आकडा सोडून शेवटच्या दोहोंची सरासरी काढा. मशीन चालू असताना तुम्हीही बोलू नका आणि त्यांनाही बोलू देऊ नका.

१०. दिसला तोच आकडा लिहा. १३७ चे १४० करू नका. सगळे आकडे शून्यावर संपत असलेली वही पाहिली की मोजणी नीट होत नाही हे कुणालाही कळतं.

> सावधान: यात प्रत्येकी पंधरा ते वीस मिनिटं जातात. गर्दीच्या तासात ही सेवा चालू ठेवायचा हट्ट केलात तर विश्रांती आणि दुसरी-तिसरी मोजणी आपोआप गळतील. दिवसातले दोन शांत तास ठरवून तेवढेच फलकावर लिहा.

टप्पा ५: औषधांची चौकशी, म्हणजे खरी सेवा

आकडा घरचं मशीनही देतं. त्या आकड्यामागे औषधांचा काय हात आहे ते सांगणं हे फार्मासिस्टचं काम, आणि सगळं शिक्षण इथे पणाला लागतं. चौकशी या क्रमाने करा.

*गोळी घेतली जाते का?* ‘गोळ्या नियमित घेता ना?’ असं विचारलंत तर उत्तर ‘हो’च येणार. त्याऐवजी म्हणा: ‘रोजची गोळी अधूनमधून राहतेच. गेल्या आठवड्यात कितीदा राहिली?’ मग विक्रीची नोंद काढा. समजा रोज एक याप्रमाणे ३० गोळ्या ४५ दिवसांपूर्वी दिल्या होत्या आणि घरी अजून १० शिल्लक आहेत. म्हणजे ४५ दिवसांत २० गोळ्या पोटात गेल्या. या माणसाचं बीपी १५६ आलं तर गोळी कमी पडते असं म्हणता येत नाही. ती निम्मीसुद्धा घेतली गेलेली नाही. हा हिशेब डॉक्टरांपर्यंत पोचला नाही तर डोस वाढेल, आणि मग कधी सगळ्या गोळ्या नीट घेतल्या की चक्कर येईल.

चुकण्याचं कारणही विचारा. विसर पडतो, परवडत नाही, लघवी जास्त होते म्हणून प्रवासात टाळतात, कोरडा खोकला येतो म्हणून सोडली: प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गटात कोरडा खोकला आणि ॲम्लोडिपिनने घोट्याला सूज, हे दोन परिणाम इतके नेहमीचे आहेत की तुम्ही आपणहून विचारावेत. त्या खोकल्यासाठी महिनोन्महिने कफ सिरप विकलं जाणं हे आपल्या व्यवसायाचं अपयश आहे.

*बीपी वाढवणारं काही चालू आहे का?* आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या, सर्दीच्या गोळ्यांतलं फिनाइलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन, स्टेरॉइड, काही गर्भनिरोधक गोळ्या, सोडियम जास्त असलेल्या पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या, आणि ज्येष्ठमध असलेले काढे-गोळ्या. ‘आणखी काही औषध चालू आहे का?’ याला ‘नाही’ येतं, कारण सर्दीची गोळी आणि काढा लोक औषधात धरत नाहीत. नावं घेऊन विचारा: दुखण्यासाठी काही? सर्दीसाठी? झोपेसाठी? काढा, चूर्ण?

*तीन औषधं एकत्र आली आहेत का?* एनालाप्रिल किंवा टेल्मिसार्टनच्या गटातलं औषध, लघवी वाढवणारी गोळी आणि दुखण्याची गोळी एकत्र आली की मूत्रपिंडाला इजा व्हायचा धोका वाढतो. जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालेलं असेल तर आणखीच. हे त्रिकूट दिसलं की दुखण्याची गोळी देण्याआधी डॉक्टरांशी बोला.

*एकच औषध दोन नावांनी जातंय का?* एका चिठ्ठीत टेल्मिसार्टन एकटं, दुसऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत तेच मिश्र गोळीत. डबे आणि स्ट्रिपा सोबत आणायला सांगितल्याशिवाय हे सापडत नाही.

> सावधान: डोस बदलणं, गोळी बंद करायला सांगणं किंवा ‘आज एक जास्त घ्या’ म्हणणं तुमच्या अखत्यारीत नाही. बीटा ब्लॉकर गटातलं औषध किंवा क्लोनिडिन (दोन्ही बीपीचीच औषधं) अचानक थांबवलं तर बीपी उसळतं. आणि आकडा कितीही मोठा असो, निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली देऊ नका. बीपी झपाट्याने कोसळून पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊ शकतो.

टप्पा ६: कोणाला कधी पाठवायचं

हे पान भिंतीवर, मोजणाऱ्याच्या नजरेसमोर हवं. जवळच्या डॉक्टरांना ते आधी दाखवून त्यांची संमती घ्या. त्यांची मर्यादा वेगळी असेल तर तीच लिहा. साधारण चौकट अशी:

- १४०/९० च्या खाली: नोंद द्या, चालू गोळ्या तशाच घ्यायला सांगा. ‘नॉर्मल आलं म्हणजे गोळी काम करतेय’ हे वाक्य न चुकता बोला.
- १४०/९० ते १७९/१०९: एका भेटीवरून निदान होत नाही. आणखी दोन वेगळ्या दिवशी मोजा, मग चिठ्ठीसह डॉक्टरांकडे. १६०/१०० च्या पुढे असेल तर थांबणं काही दिवसांपेक्षा जास्त नको.
- वरचं १८० किंवा खालचं ११०, वा त्याहून जास्त, त्रास काही नाही: शांत बसवून पुन्हा मोजा. तसंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टर.
- इतक्या आकड्यासोबत छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, हातापायातली शक्ती जाणं, बोलताना अडखळणं, अंधुक दिसणं, गोंधळ किंवा असह्य डोकेदुखी: तातडीची वैद्यकीय मदत बोलवा. दुसऱ्या मोजणीसाठी थांबू नका. ही लक्षणं असतील तर आकडा लहान असला तरी हेच करा.
- गर्भवती किंवा नुकतीच बाळंत झालेली स्त्री: १४०/९० ला त्याच दिवशी डॉक्टर, १६०/११० ला तातडीने रुग्णालय.
- वरचं ९० च्या खाली, किंवा उठताना चक्कर: उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी मोजा, शेजारी आधाराला माणूस ठेवून. वरचं २० किंवा खालचं १० ने उतरलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी फोनवर बोला.

लहान मुलांना हे आकडे लागू नाहीत. त्यांचं बीपी दुकानात मोजू नका.

टप्पा ७: नोंद आणि डॉक्टरांना चिठ्ठी

नुसतं ‘बीपी १४८/९२’ लिहून दिलेला कागद डॉक्टर बाजूला ठेवतात, आणि त्यांचं चूक नाही. कामाची चिठ्ठी अशी दिसते:

*‘उजवा हात, बसून, पाच मिनिटं विश्रांतीनंतर, मोठा कफ. सरासरी १४८/९२, नाडी ७८, नियमित. वेळ सकाळी ११.१०. सकाळची ॲम्लोडिपिन ५ मिग्रॅ घेतलेली. गेल्या आठवड्यात दोनदा चुकली. गुडघेदुखीसाठी दोन आठवड्यांपासून रोज डायक्लोफेनॅक, विनाचिठ्ठी. दुखण्यासाठी पर्याय सुचवावा ही विनंती.’*

सात-आठ ओळी, निदान नाही, उपदेश नाही, शेवटी एकच नेमकी विनंती. एक प्रत रुग्णाला, एक डॉक्टरांना, एक तुमच्याकडे. नोंद दुसऱ्या कुणाला दाखवायची तर रुग्णाची परवानगी लागते, नातेवाइकालासुद्धा. वही काउंटरवर उघडी ठेवू नका.

टप्पा ८: आधी छोटी चाचणी, मग फलक

पहिले चार आठवडे जाहिरात नको. बीपीच्या गोळ्या नियमित नेणाऱ्या वीसेक जणांनाच सेवा द्या. शेवटी वहीतून पाहा: किती नोंदींत कफचा आकार लिहिलाय, किती आकडे शून्यावर संपतात, किती जणांना पाठवलं, आणि त्यांतले किती खरंच गेले. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. आठवड्याने फोन करून विचारल्याशिवाय त्याचं उत्तर मिळत नाही, म्हणून फोन कोणी करायचा ते नावासह ठरवा. पाठवलेले लोक पोचत नसतील तर फलक लावून गर्दी वाढवण्यात अर्थ नाही. आधी वेळ, अंतर की भीती, काय आड येतंय ते शोधा.

चाचणीत निघालेल्या चुका म्हणजे पुढच्या तिमाहीचा अभ्यासक्रम. दर महिन्याला अर्धा तास सगळ्यांनी एकत्र बसून एकाच नोंदीवर बोलायचं: काय विचारायचं राहिलं, चिठ्ठीत काय कमी होतं. त्याची अर्ध्या पानाची नोंद ठेवा: प्रश्न काय होता, काय वाचलं, काउंटरवर काय बदललं. नोंदणी नूतनीकरणासाठी तासांचा पुरावा मागतात तिथे तो वेगळा जमवा, पण दोन्ही वह्यांची गल्लत करू नका.

दुसरी सेवा कधी

तीन महिन्यांनंतरच्या तपासयादीत सगळे उत्तीर्ण झाले आणि पाठवलेल्यांचा पाठपुरावा नियमित होऊ लागला की मगच. दमा आणि सीओपीडी (श्वासनलिका अरुंद होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार) यांचे पंप नीट वापरायला शिकवणं हा चांगला दुसरा विषय आहे: सुई नाही, महाग यंत्र नाही, आणि चुका भरपूर. दाबायचा पंप हळू आणि खोल श्वासासोबत, पावडरचा पंप जोरात आणि खोल ओढायचा, दोन्हींत मग दहा सेकंद श्वास रोखायचा. हे दोन श्वास उलटसुलट होणं ही नेहमीची चूक. पावडरच्या पंपात फुंकर मारणं, स्पेसरमध्ये (पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्यात) एकदम दोन-तीन फवारे सोडणं, स्पेसर कपड्याने पुसणं, स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ न भरणं, हेही रोजचंच. तुम्ही करून दाखवा, मग त्यांना करून दाखवायला सांगा आणि मध्ये न टोकता पाहा. ‘समजलं का?’ हा प्रश्न तिथे उपयोगाचा नाही. पंप सुरू करणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या महिन्यात पुन्हा करून दाखवायला बोलवा, आणि पुढे दर वेळी नवा पंप देताना एक फवारा तुमच्यासमोर घ्यायला लावा.